तीन बोटांचे बारा हातमोजे

३ फेब्रुवारी, सोमवार

बाराही परत आले.

मास्तरांनी खोकं काउंटरवर आदळलं तेव्हा बाबा मागे अंघोळीला गेले होते, म्हणून वाचले. मी नाही वाचले. "ताई, हे काय दिलंत? बाण दोरीवर टिकत नाही, बोटं सोलवटतात, दोरी सुटता सुटत नाही. माझे बारा शिकाऊ रोज बारा तक्रारी करतात." मी म्हटलं, बोटं तपासलीत का त्यांची? तर म्हणाले, "बोटं काय त्यांना आज नवी फुटलीत? नवे आहेत ते हातमोजे."

यावरची तीन उत्तरं आत्ता लिहिताना सुचली.

मागे बादली वाजली तसं खोकं उचललं आणि गमबुटांच्या रांगेमागे ढकललं. मास्तरांना म्हटलं, रविवारी मैदानावर येते, डोळ्यांनी बघते, तोवर याबद्दल चकार शब्द नको. ते गेले. बाबा डोकं पुसत बाहेर आले. "कोण होतं गं?" — कुणी नाही, पत्ता विचारत होते.

गेल्याच्या गेल्या वर्षी बाबांच्या हातून एका बॅगेचा पट्टा तिरका कापला गेला. एवढंच झालं. गिऱ्हाइकाला कळलंसुद्धा नसतं. पण बाबांनी चामडं कापायची रापी पुसली, फडक्यात गुंडाळली आणि खणात ठेवून दिली. त्यानंतर चौदा महिने स्टुलावर बसून शिळी वर्तमानपत्रं वाचली. दाढीसुद्धा आठवड्यातून एकदा. मग डिसेंबरात मास्तर आपला जुना हातमोजा नमुना म्हणून घेऊन आले — धनुष्याची दोरी ओढायला तीन बोटांना तीन टोप्या, मनगटाला पट्टा आणि बक्कल. बाबांनी तो माझ्या हातून काढून घेतला, टोप्यांत बोट घालून बघितलं. "पहिल्या बोटाची ऐसपैस ठेवलीय, अंगठीच्या बोटाची निमुळती. करणारा शहाणा होता." आणि उठले, खण उघडला, फडकं सोडलं.

पुठ्ठ्याचा साचा केला. मग एकदा साचा उताणा, एकदा पालथा, असं भराभर कापत गेले. बारा हातमोजे. हात एकदाही हलला नाही! शिवले मी, पण ते काय, शिवायला कुणीही शिवेल. त्या दिवसापासून रोज दाढी करतात.

"या दुकानातून गेलेली वस्तू कधी परत आली नाही," हे त्यांचं वाक्य गिऱ्हाईक दारात असतानाच सुरू होतं. खोकं त्यांच्या नजरेस पडलं तर रापी पुन्हा फडक्यात जाईल. आणि या वेळी बाहेर येणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

तेव्हा दोष हातमोज्यांत नाही. असून चालणारच नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बाबा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले तेवढ्यात खोकं काढलं.

चपलेचा तळ बघून मला माणूस कळतो. टाच बाहेरून झिजली की फेंगडा, चवडा झिजला की घाईचा, काहीच झिजलं नाही की रिक्षाने फिरणारा. मग बोटांच्या टोप्या का नाही कळणार? दिव्याखाली एकेक धरून बघितला.

दोरीची खूण काय सांगते! निम्म्यांच्या टोप्यांवर खूण अगदी शेंड्याला. म्हणजे ही माणसं नखांनी दोरी ओढतात. सोलवटणारच बोटं. काहींच्या पहिल्या आणि मधल्या बोटाच्या मधल्या अंगाला घासून पॉलिश झालंय. म्हणजे बाण दोन बोटांत चिमटून धरतात. मग तो पडेल नाही तर काय करेल? आणि मजा म्हणजे सहा हातमोज्यांत पहिल्या बोटाची टोपी पार घासलेली आणि अंगठीच्या बोटाची कोरी करकरीत. सहा जणांचं तिसरं बोट नुसतं हजेरी लावतं, काम पहिल्याकडून करून घेतं. अशी माणसं प्रत्येक घरात असतात.

खोक्यातला वरचाच एक उचलून हातात घातला. काय सुरेख बसला. तिन्ही बोटं आपापल्या जागी, बक्कल सहज लागलं. झालं, मला दुसरा पुरावा नको. बोटंच चुकतात.

६ फेब्रुवारी

बाबांनी विचारलं, मास्तर काय म्हणाले हातमोज्यांना? मी सांगितलं, म्हणाले, असं काम आजवर बघितलं नव्हतं. हे काही खोटं नाही. मास्तर खरंच तसं म्हणाले होते, फक्त सूर वेगळा होता.

९ फेब्रुवारी, रविवार

दुखतंय. उजवा पाय. बाण पडला. क्रमाने लिहिते. सकाळी बाराही हातमोजे पिशवीतून नेऊन ज्याचे त्याला दिले.

मैदान म्हणजे बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागची लांबट जागा. एका टोकाला पत्र्याची शेड, दुसऱ्या टोकाला पेंढ्याचे भारे आणि त्यावर रंगवलेले कागद. मास्तर पाठीमागे हात बांधून रांगेमागून फिरतात आणि "ओढा, ओढा!" ओरडतात. सगळ्या आजारांवर हे एकच औषध. चष्मा खिशात. लांबचं त्यांना घारीसारखं दिसतं, पण जवळचं बघायचं तर हात लांब करून बघतात. चष्मा घालत नाहीत, धनुर्धराने घालायचा नसतो म्हणे.

बसचा ड्रायव्हर आहे एक. त्याने धनुष्य असं आवळलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती. बाण सुटला की हाताबरोबर धनुष्यही उजवीकडे वळवतो — पुढे वळण आल्यासारखा. त्याच्या शेजारी दातांची डॉक्टरीण. गावात दातवाली म्हणूनच ओळखतात तिला. ती दोरी धरते, आधी डावीकडे हलवते, मग उजवीकडे हलवते आणि मग एकदम उपटते! मला हसू आवरेना. बाण तिच्याच पुढ्यात पडला. तिने तो उचलून बघितला, जणू मुळासकट निघाला का ते तपासत होती.

मला राहवलं नाही. म्हटलं, बाई, बाजारातून भरलेली पिशवी कशी आणता? तिचे बंद नखांत धरता का? ती म्हणाली, नाही, बोटांच्या आकड्यात. मग दोरीही तशीच. पहिल्या पेराच्या घडीत अडकवायची. पिशवी उचलताना अंगठा मध्ये येतो का? नाही. त्याला तळहातात झोपवा. मनगट वाकतं का? नाही, सरळ लोंबतं. बोटं नुसता आकडा, बाकी हात मेलेला. आणि बाणाला चिमटू नका, तो खाचेत बसलाय, पळून जात नाही.

तिने ओढली. बाण टिकला! गेला कुठल्या कुठे, पण पुढ्यात पडला नाही.

मास्तर तिथे येऊन उभे. "ताई, तुम्ही स्वतः कधी बाण सोडलाय?" खरं सांगायला हवं होतं की नाही, कुणास ठाऊक. नाही म्हटलं. त्यांनी धनुष्य माझ्या हातात दिलं. बारा जण बघत होते. मी दोरी धरली — आणि हाताने तीस वर्षांचं वळण दाखवलं. अंगठा आणि पहिलं बोट. चामड्याला भोक पाडायची आरी धरतात तशी चिमूट! बाण फिरला, घसरला आणि माझ्या पायावर आला. टोक बोथट होतं म्हणून बरं. दातवाली म्हणाली, "पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं." सगळ्यांत जास्त तेच लागलं.

मग जुंपली. शेवटी असं ठरलं: सोळा मार्चला नदीपलीकडच्या मंडळाशी सामना आहे. प्रत्येकाला सहा बाण. याच हातमोज्यांनी बाराही जणांचे निदान तीन-तीन बाण पेंढ्यात गेले, तर मास्तर सगळ्यांदेखत म्हणतील की दोष हातमोज्यात नव्हता. नाही गेले तर? "तर मी थेट तुमच्या वडिलांकडे घेऊन जाईन. जाणकार माणूस आहे, ते तरी ऐकून घेतील."

नेमकं तेच नकोय मला. पण हे त्यांना कसं सांगू? शिकवायचं मी, ओरडायचं त्यांनी, असं वाटून घेतलंय.

१० फेब्रुवारी

हात खांद्यावर जात नाही. वेणी घालता आली नाही, अंबाडाच बांधला. बाबांनी विचारलं काय झालं. म्हटलं, कपाट सरकवलं. बाबांनी मान वळवून कपाटाकडे बघितलं. "आहे तिथेच आहे की."

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुकानात कुणी न्यायला न आलेल्या बारा हँडबॅगा होत्या. त्यांत वाळू भरली आणि मैदानावर नेल्या. प्रत्येकाच्या तीन बोटांत एकेक अडकवून भिंतीपाशी उभं केलं. अंगठा झोपवा, मनगट सैल, तिन्ही बोटांवर सारखं वजन. ड्रायव्हरच्या वाट्याला मोत्यांची लाल बॅग आली. त्याने मोती भिंतीकडे वळवून धरली.

मास्तर आले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. "हे धनुर्विद्येचं मैदान आहे की लग्नाच्या हॉलचं दार?" पण थांबले. बघत राहिले. मग दोघांची कोपरं वर करून गेले. बरोबर केली, हे मान्य करायला हवं.

ओढण्याचा घोळ वेगळाच. सगळे हाताने ओढतात, दोरी नाकापर्यंत येते आणि हात थरथरायला लागला की सोडून देतात. मी लहान असताना मेणदोरा बोटांनी ओढायचे तेव्हा बाबा म्हणायचे, बोटांनी ओढलास तर संध्याकाळपर्यंत बोटं राहणार नाहीत, पाठीने ओढ. कोपर मागे जाऊ दे, पाठीच्या दोन फळ्या जवळ येऊ देत, बोटांना कळताही कामा नये. हेच सांगितलं. ड्रायव्हरची दोरी पहिल्यांदाच हनुवटीपाशी आली. तो इतका घाबरला की सोडायचं विसरला. तसाच उभा! मास्तरांना येऊन सोडवावं लागलं.

बाबांचं वाक्य मैदानावर वापरलं आणि बाबांपासूनच लपवतेय. बरं वाटत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सहा जण मार्गी लागले. एकदम! आज त्यांचे बाण ओळीने पेंढ्यात. ड्रायव्हरला म्हटलं, धनुष्य आवळू नका, दोन्ही हातांत सामान असलं की झुलतं दार कसं अंगठ्याच्या मुळाने ढकलता, तसं नुसतं ढकला. जमलं. आता बाण सुटल्यावर वळतही नाही.

उरलेले सहा मात्र ढिम्म. तेच ते, अंगठीच्या बोटाचे कामचुकार. आकडा छान करतात, पाठीने ओढतात, आणि ऐन वेळी तिसरं बोट टोपीतल्या टोपीत सरकतं, सगळा भार पहिल्यावर. दातवाली सगळ्यांत वाईट. तिला आज नीटच बोलले. म्हटलं, त्या बोटाला जरा कामाची लाज वाटू द्या. ती कुरकुरली की बक्कल उलटीकडून लागतं, पहिलं बोट आवळतं, तिसरं पोहतं. ज्याला त्याला काहीतरी निमित्त! मी म्हटलं, चामडं नवीन आहे, हाताला सवय होईल.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दाढ. गेले चार दिवस दुर्लक्ष केलं, आज सोसवेना. गावात दातवाली एकच.

खुर्चीत आडवी झाले. तोंड उघडं, बोलायची सोय नाही. तिने दिवा ओढला आणि म्हणाली, "हात सैल सोडा." मी खुर्चीचे दांडे धरले होते, पेरं पांढरी. "अंगठा झोपवा," म्हणाली. "मनगट मेलेलं हवं." शपथेवर सांगते, चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. मग खांदे खाली, मान लांब, श्वास सोडा, आणि तुम्ही काही करायचं नाही, जे व्हायचं ते होईल. माझंच सगळं मला.

दाढ भरून दिली. काढायची वेळ आली नाही. दुखलंही नाही. निघताना तिने उजवा हात दाखवला — पहिल्या बोटाची कातडी निघालीय, पट्टी लावून काम करतेय. "पण तुमचं बरोबर आहे. चूक माझीच असणार. दिवसभर पहिल्या बोटाने आणि अंगठ्यानेच पकडायची सवय." किती समजूतदार! मी म्हटलं, असतो एकेकाचा हात.

२३ फेब्रुवारी, रविवार

मी पेंढ्यात मारला!

बघितलं कुणीच नाही, कारण सगळे चहाला गेले होते. मास्तर होते फक्त. त्यांचा जुना नमुन्याचा हातमोजा माझ्याकडेच राहिलाय, तो घालून प्रयत्न करत होते. आकडा करते, ओढते, हनुवटीपर्यंत आणते, पण सोडताना हात झटक्याने बाहेर फेकते आणि बाण वाकडा. पाच वेळा. मास्तर मागून म्हणाले, "ताई, सोडू नका."

म्हटलं, सोडू नको तर काय करू, घरी घेऊन जाऊ?

"ओढत राहा. बोटांचा विचार सोडा. कोपर मागे मागे जाऊ द्या, बोटं आपोआप सैल पडतील. दोरी स्वतः जाते. बोटं उघडायची नसतात." पहिल्यांदाच त्यांनी न ओरडता सांगितलं. दोनदा बघितलं, काही नाही. तिसऱ्यांदा ओढतच होते आणि दोरी गेली. मला कळलंच नाही. थाप असा आवाज. पेंढ्यात!

मास्तर म्हणाले, "कडेला लागला." लांबचं नेमकं दिसतं, म्हटलं ना.

माणसाला येतं. शिकवता येत नाही, पण येतं. बुधवारी मुलांना हेच सांगायचं — मुलं म्हणतेय मी! ड्रायव्हर पुढच्या वर्षी निवृत्त होतोय.

२७ फेब्रुवारी

गमबुटांमागे ते खोकं होतं. रिकामंच, पण वर मास्तरांच्या हाताने लिहिलेलं: "परत". आज बाबांना धूळ झाडायची हुक्की आली. मी शिवणयंत्रावरून उडी मारली म्हटलं तरी चालेल. खोकं ओढलं, अक्षरं पोटाशी धरली. बाबा म्हणाले, काय आहे? म्हटलं, बक्कलं. हलवून बघितलं असतं तर वाजलं नसतं, पण हलवायला मागितलं नाही.

मग शांतपणे म्हणाले, "सोळा तारखेला मीही येतो. आपलं काम चालताना बघायचंय."

चालताना! पायताण आहे का ते?

२ मार्च, रविवार

नऊ जण ठीक. दहावा काठावर. दातवाली आणि आणखी एक, शाळेतला क्लार्क, अजून अडकलेत.

दातवाली आता अंगठीच्या बोटाला रबर बांधून दवाखान्यात बसते आणि दोन रोग्यांच्या मध्ये ओढत असते. म्हणाली, "हे बोट इतकं तयार होणार आहे की याच्याने दात उपटेन." इतरांना तीन बोटांनी जमतं ते हिला एकाच बोटाच्या जोरावर करायचंय. जिद्दी आहे. मी तिला आज ओरडले नाही. पिशवीत वाळू तेवढी वाढवली.

५ मार्च

बाबांनी विचारलं, तिथे सगळे उजवेच आहेत का गं? म्हटलं, म्हणजे? म्हणाले, "काही नाही, सहज." आणि पुन्हा वर्तमानपत्र.

९ मार्च, रविवार

अकरा तयार. दातवालीचे सहातले दोन जातात. तीन कधीच नाही.

ती शेडमागे येऊन म्हणाली, माझं नाव काढा, तुमची पैज माझ्यामुळे बुडायला नको. पैज कशाची ते तिला माहीत नव्हतं. मग सांगितलं. स्टूल, चौदा महिने, फडकं, रापी, सगळं. कुणाला सांगितलं नव्हतं आजवर. आवाज फुटला, हे मला आवडलं नाही. तिने ऐकून घेतलं. दिवसभर लोकांना तोंड उघडं ठेवायला लावते, पण स्वतः ऐकते छान.

एकदा मनात आलं, हिला मास्तरांचा जुना हातमोजा द्यावा, मऊ आहे. पण अट होती — हेच बारा. आणि मीच ती मोडली तर मग मीच कबूल केलं ना, की दोष आपल्या कामात आहे? दिला नाही.

ती म्हणाली, "राहू दे नाव."

१५ मार्च, शनिवार

बाबांनी कोट काढून उन्हात टाकलाय. जेवण गेलं नाही. माझं. त्यांचं गेलं.

१६ मार्च, रविवार

बाबांना शेडमध्ये पुढची खुर्ची. कोट, चकचकीत बूट, डोळ्याला नवा चष्मा. नदीपलीकडचे लोक आले, एकसारख्या टोप्या घालून. त्यांच्या मास्तरांनी विचारलं, हातमोजे कुठून केलेत? बाबांनी खुर्चीतूनच हात वर केला.

अकरा जण झाले. लिहायला सोपं आहे, मला तिथे घाम फुटला होता. ड्रायव्हरचे सहाच्या सहा. उतरताना त्याने सवयीने मागे बघितलं, कुणी चढायचं राहिलंय का म्हणून. क्लार्कचे तीन, तिसरा अगदी काठाला. मास्तरांनी भाऱ्यापाशी जाऊन, मान मागे नेऊन, डोळे बारीक करून बराच वेळ बघितला आणि मग म्हणाले, धरला.

दातवाली शेवटची. पहिला गेला. दुसरा बाहेर. तिसरा बाहेर. चौथा गेला. पाचवा तिच्या जुन्या सवयीने — डावीकडे, उजवीकडे, उपटला. बाहेर. लोक हसले. मी नाही. मी बाबांकडे बघत होते. ते तिच्या हाताकडे बघत होते, पुढे झुकून.

सहावा. तिने हात झटकला, पहिल्या बोटाची पट्टी सारखी केली. आकडा. ओढायला लागली. हनुवटी. आणि थांबली नाही, कोपर मागे जातच राहिलं. इतका वेळ की मास्तरांच्या ओठावर "ओढा" आलेलं मला दिसलं, आणि ते गिळलेलंही दिसलं. मग दोरी गेली. तिने सोडली नाही, गेली.

मधल्या गोलात. मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही, पण नदीपलीकडच्यांच्या टोप्या माझ्याकडे वळल्या.

सामना ते जिंकले, त्याचं कुणाला पडलंय! मास्तर शब्दाचे पक्के. सगळ्यांदेखत बाबांसमोर उभे राहिले. "दोष हातमोज्यात नव्हता. बोटांत होता. आणि थोडा माझ्या ओरडण्यात." बाबांना काही कळलं नाही. "कसला दोष?" मी म्हटलं, मास्तरांची बोलायची पद्धत आहे ती. मग मास्तरांनी नव्या तुकडीसाठी आणखी वीस सांगितले. "पण हाच हात हवा," म्हणाले, बाबांच्या हाताकडे बोट दाखवून.

दुकानाशी आल्यावर बाबा म्हणाले, "कोट काढतो आणि साचा घेतो. दिवस आहे अजून."

मी आत जाऊन रडले. रडले तर रडले, काय होतंय.

१८ मार्च, मंगळवार

सामन्यानंतर तेलपाण्यासाठी बाराही हातमोजे दुकानात आणले. तेल लावलं, बाकावर वाळत मांडायला घेतले. हात आपोआप मांडत गेले, दुरुस्तीचे बूट मांडतात तसे. मांडून झाल्यावर बघितलं. सहा जोड.

सहा डावे, सहा उजवे. बारापैकी डावखुरं कुणीच नाही.

साचा उताणा, साचा पालथा. साठ वर्षं पायताणांच्या जोडांशिवाय दुसरं कापलंय काय त्यांनी? डावा हातमोजा उजव्या हातात घातला की पहिल्या बोटाच्या वाट्याला अंगठीच्या बोटाची निमुळती टोपी येते, आणि अंगठीचं बोट ऐसपैस टोपीत पोहतं. बक्कल उलटीकडून लागतं. तिने अगदी याच शब्दांत सांगितलं होतं. दातवालीचा डावा.

मागे बाबांची रापी चालू होती. पुठ्ठा उलटल्याचा आवाज, मग काप, मग पुन्हा उलटल्याचा. "दहा जोड उद्यापर्यंत होतील," म्हणाले. मग उठून बाकापाशी आले, एक हातमोजा जरासा वाकडा पडला होता तो त्याच्या जोडीदाराशेजारी नीट लावला. खूश होऊन बघितलं.

"हे पहिले बारा. यातला एखादा कुणी परत आणला होता का गं?"

"नाही बाबा. एकही नाही."